जुन्या शेव्हरोले पिकअपच्या हेडलाइटची वायरिंग: दोष शोधायचा कसा, दुरुस्त करायचा कसा

अमेरिकेत हौसेनं जुनी पिकअप घेणाऱ्यांमध्ये १९६७ ते १९७२ मधली शेव्हरोले सी-१० फार लोकप्रिय आहे. गाडी साधी, सुटे भाग सहज मिळतात आणि बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा. पण संध्याकाळी हेडलाइट लावले की बहुतेक नव्या मालकांची एकच तक्रार असते: उजेड पिवळट आणि मिणमिणता, एक दिवा दुसऱ्यापेक्षा मंद, किंवा चालता चालता दोन्ही दिवे एकदम जातात आणि आपोआप परत येतात.

अशा वेळी लोक आधी नवे लॅम्प घेतात, मग नवा स्विच, मग सगळा हार्नेसच (वायरांचा पूर्ण जुडगा) मागवतात. सहसा यातलं काहीच लागत नाही. दोष एखाद्या गंजलेल्या अर्थमध्ये (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत) नाहीतर काळ्या पडलेल्या टर्मिनलमध्ये असतो, आणि मल्टिमीटर नीट वापरला तर तो तासाभरात सापडतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मोजणीला दिली आहे. मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

खालची माहिती १९६७–७२ च्या शेव्हरोले पिकअपसाठी आहे. या सर्वांत प्रत्येक बाजूला एकच ७ इंची गोल दिवा आहे. त्या काळातल्या फोर्ड एफ-१०० लाही हीच पद्धत चालते, फक्त वायरचे रंग वेगळे. ते पुढे दिले आहेत.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. फार महाग नको, पण व्होल्टचे दोन दशांश स्थिर दाखवणारा हवा.
- १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प.
- दोन जंपर वायर, टोकांना क्रोकोडाइल क्लिप. एकीत २० अँपिअरचा फ्यूज होल्डर बसवून घ्या.
- चार-पाच मीटर साधी वायर. मीटरची पिन बॅटरीपासून दिव्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा ती जोडायची.
- तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, डायइलेक्ट्रिक ग्रीस.
- चांगलं क्रिम्पिंग टूल, टर्मिनल, हीट श्रिंक ट्यूब.
- तुमच्या गाडीच्या नेमक्या वर्षाची वायरिंग डायग्राम. कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलची पुनर्मुद्रणं मिळतात. दुसऱ्या वर्षाची डायग्राम 'जवळपास सारखीच' म्हणून वापरू नका.

काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. वायर सोडवायची किंवा स्विच काढायचा असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. मोजणी मात्र बॅटरी जोडलेली असतानाच होते.

१. करंट कुठून कुठे जातो ते आधी समजून घ्या

बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून लाल वायर निघते आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) मोठ्या प्लगमधून केबिनमध्ये शिरते. तिथून ती डॅशबोर्डवरच्या हेडलाइट स्विचला येते. स्विचमधून फिकट निळी वायर जमिनीवरच्या, डाव्या पायाने दाबायच्या डिपर स्विचकडे जाते. डिपरमधून दोन वायर निघतात: लो बीमची खाकी आणि हाय बीमची फिकट हिरवी. या दोन्ही पुन्हा त्याच फायरवॉलच्या प्लगमधून बाहेर येऊन पुढच्या दिव्यांना मिळतात. दिव्यातून काळी वायर निघते आणि रेडिएटरच्या चौकटीला स्क्रूने बसते. ही झाली अर्थ.

म्हणजे दिव्यापर्यंतचा सगळा करंट एक स्विच, एक डिपर आणि फायरवॉलचा प्लग दोनदा ओलांडून येतो. या गाडीत हेडलाइटसाठी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. हेडलाइटला फ्यूज बॉक्समध्ये वेगळा फ्यूजही नाही. त्याऐवजी स्विचच्या पोटातच सर्किट ब्रेकर आहे. तो तापला की उघडतो, थंड झाला की आपोआप जोडला जातो. टेललाइट आणि पार्किंग लाइटचा मार्ग वेगळा, फ्यूजमधून. म्हणूनच 'टेललाइट चालू आहेत, तर हेडलाइट का नाहीत?' या प्रश्नात गोंधळण्यासारखं काही नाही. ते दोन वेगळे रस्ते आहेत.

फोर्डमध्ये स्विचपासून डिपरपर्यंत लाल वायरवर पिवळी रेघ, लो बीमला लालवर काळी रेघ, हाय बीमला हिरव्यावर काळी रेघ.

रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत खाकी रंग मळकट राखाडी होतो, निळा आणि हिरवा सारखे दिसू लागतात आणि आधीच्या मालकाने हाताला येईल ती वायर जोडलेली असते. शंका आली तर वायरचा टेपच्या गुंडाळीआतला भाग पुसून बघा, तिथे मूळ रंग टिकलेला असतो.

२. लक्षण वाचा

एकच दिवा एकाच बीमवर लागत नाही: लॅम्पची फिलामेंट गेली, किंवा त्या सॉकेटमधलं एक टर्मिनल सैल आहे. सगळ्यात सोपा दोष. दोन्ही लॅम्प आपसात बदलून पाहा. दोष लॅम्पबरोबर सरकला तर लॅम्प, जागीच राहिला तर सॉकेट किंवा वायर.

दोन्ही दिव्यांचा फक्त लो बीम किंवा फक्त हाय बीम नाही: जवळजवळ नेहमी डिपर स्विच.

दोन्ही दिवे दोन्ही बीमवर मंद: वाटेत व्होल्टेज पडतंय. चौथ्या पायरीवर जा.

दोन्ही दिवे एकदम जातात आणि थोड्या वेळाने येतात, टेललाइट मात्र चालूच: सर्किट ब्रेकर उघडतोय. आठवी पायरी.

इंजिनची रेस वाढवली की उजेड वाढतो: थोडा फरक या गाड्यांत दिसतोच. फार दिसत असेल तर आधी चार्जिंग तपासा.

आणि एक लक्षण जे भल्याभल्यांना चकवतं. लो बीम लावलेला असताना डावा दिवा मंद तांबूस, त्यात दोन्ही फिलामेंट अर्धवट तापलेल्या, आणि डॅशवरचा हाय बीमचा इंडिकेटरही किंचित उजळलेला. लोक इथे डिपर बदलतात. खरा दोष डाव्या दिव्याच्या अर्थचा असतो. काळी वायर तुटली की लो बीमच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परत जायला वाट उरत नाही. मग तो त्याच लॅम्पच्या हाय बीम फिलामेंटमधून उलटा शिरतो, हिरव्या वायरवर येतो आणि उजव्या दिव्याच्या हाय बीम फिलामेंटमधून आणि इंडिकेटरच्या बल्बमधून अर्थपर्यंत पोचतो. चार ठिकाणी थोडा थोडा उजेड, आणि दोष एका स्क्रूचा. हे चित्र दिसलं की सरळ त्या दिव्याच्या काळ्या वायरकडे जा.

३. बॅटरी आणि चार्जिंग

इंजिन बंद आणि गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. इंजिन चालू करून हलकी रेस दिली की १३.८ ते १४.५. त्यापेक्षा कमी असेल तर आधी ऑल्टरनेटर, बेल्ट आणि रेग्युलेटर बघा. १९७२ पर्यंतच्या या गाड्यांत व्होल्टेज रेग्युलेटर ऑल्टरनेटरच्या बाहेर, वेगळा बसवलेला असतो. १५ च्या वर जात असेल तर नवे लॅम्प पुन्हा पुन्हा उडण्याचं कारण तेच आहे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलेलं असेल तर इथेच साफ करा. नाहीतर पुढच्या सगळ्या मोजण्या चुकतील.

४. मोजणी, आणि तीही दिवे चालू ठेवून

नवख्यांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. सॉकेट काढतात, त्यात मीटरच्या पिना घालतात, १२.४ व्होल्ट दिसतात आणि 'वायरिंग ठीक आहे' असं ठरवून टाकतात. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरचे सगळे पदर तुटून एकच तार उरली असेल तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल. दोष दिसतो तो भार पडल्यावर. म्हणून लॅम्प सॉकेटमध्ये बसलेला, दिवा लागलेला आणि पिना सॉकेटच्या मागच्या बाजूने टर्मिनलला टेकवलेल्या, अशीच मोजणी करायची.

हाय बीम लावा, कारण त्यावर करंट जास्त असतो. एच६०२४ हा नेहमीचा हॅलोजन सील्ड बीम (काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद तुकड्यात असलेला लॅम्प) हाय बीमला ६५ वॉट आणि लो बीमला ३५ वॉट घेतो. दोन दिवे मिळून हाय बीमला १३० वॉट, म्हणजे सुमारे १० अँपिअर. दहा अँपिअर वाहत असताना वाटेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल तरी तिथे १ व्होल्ट पडतो आणि त्या एका जागी १० वॉट उष्णता तयार होते. प्लास्टिकचे सॉकेट आणि प्लग वितळतात ते यामुळे.

आता तीन मोजण्या घ्या.

पहिली: बॅटरीच्या दोन खांबांवर, दिवे चालू असताना. समजा १२.४.

दुसरी: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन दिव्याच्या हाय बीम टर्मिनलवर. दिसेल तेवढं व्होल्टेज येण्याच्या वाटेत पडतंय. समजा १.१.

तिसरी: लाल पिन दिव्याच्या अर्थ टर्मिनलवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर. हे परतीच्या वाटेत पडलेलं. समजा ०.७.

म्हणजे दिव्याला १२.४ वजा १.८, फक्त १०.६ व्होल्ट मिळताहेत. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. १२.८ व्होल्टसाठी बनवलेला लॅम्प १०.६ वर जेमतेम अर्धा उजेड देतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी उजेड तीस टक्क्यांनी घटतो. मंद दिव्यांची तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते, लॅम्प निर्दोष असतो.

अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको. येण्याच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या. त्यापेक्षा जास्त असेल तर जागा शोधा. शोधण्याची रीत सोपी आहे: लाल पिन बॅटरी पॉझिटिव्हवर तशीच ठेवायची आणि काळी पिन एकेका टप्प्यावर पुढे सरकवायची. स्विचला येणारी लाल वायर, स्विचमधून निघणारी निळी, डिपरमधून निघणारी हिरवी, शेवटी दिवा. आकडा ०.३ वरून एकदम ०.८ वर उडी मारतो, त्या दोन टप्प्यांच्या मधे दोष. उडी निळी आणि हिरवी यांच्यामध्ये असेल तर डिपर, लाल आणि निळी यांच्यामध्ये असेल तर स्विच. प्रत्येक आकडा कागदावर लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा मोजायचं आहे.

इंजिन बंद ठेवून हे करताना दहा-पंधरा मिनिटांत आटपा. बॅटरी उतरू लागली की आकडे हलायला लागतात.

५. अर्थ

मोजणीत अर्थ खराब निघाली तर आनंद माना, ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. काळ्या वायरचा स्क्रू काढा. रिंग टर्मिनल, स्क्रू आणि खालचा पत्रा तिन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, गंज आणि रंग पूर्ण निघाला पाहिजे. दातेरी वॉशर घालून घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा म्हणजे पाणी शिरणार नाही.

एवढं करूनही आकडा खाली येत नसेल तर दोष आणखी मागे आहे. या गाडीत रेडिएटरची चौकट रबरी बुशांवर बसते. म्हणजे तिची चेसिसशी धातूची भेट फारशी होत नाही, करंट परत जातो तो फेंडरच्या बोल्टमधून आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आलेल्या बारीक वायरमधून. गाडी नव्याने रंगवलेली असेल तर या सगळ्या सांध्यांत रंग शिरलेला असतो. सुंदर रंगवलेल्या गाडीचे दिवे मंद असण्याचं हे नेहमीचं कारण. शिवाय इंजिनपासून फायरवॉलपर्यंतची विणलेली अर्थ पट्टी इंजिन उतरवताना काढतात आणि परत लावायची विसरतात. तीही आहे का बघा.

उपाय: दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायर एकत्र करून १२ गेजची नवी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किंवा बॅटरीची मोठी केबल जिथे इंजिन ब्लॉकला बसते तिथपर्यंत न्या.

६. लॅम्प आणि सॉकेट

लॅम्प काढायला बाहेरची चकचकीत कडी काढा, मग लॅम्प धरून ठेवणाऱ्या रिंगचे छोटे स्क्रू सैल करा. शेजारी स्प्रिंग असलेले मोठे स्क्रू दिसतात, ते दिव्याची दिशा लावण्याचे आहेत. त्यांना हात लावलात तर शेवटी सगळं नव्याने लावत बसावं लागेल. गंजलेले स्क्रू असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

सॉकेट काढून टर्मिनल टॉर्चने बघा. निरोगी पितळ सोनेरी दिसतं. भाजलेलं टर्मिनल तपकिरी-जांभळं होतं, त्याची स्प्रिंग मरते आणि बोटाने सॉकेट ओढलं तर ते विरोध न करता सुटतं. असं टर्मिनल घासून साफ करण्यात अर्थ नाही, पुन्हा तापेल. नवं सॉकेट लावा, शक्यतो सिरॅमिकचं. वायर कापून जोडताना आतलं तांबं बघा. तेही काळं पडलं असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर क्रिम्प पकडत नाही आणि सोल्डरचा डागही बसत नाही.

निळ्या-लाल प्लास्टिकच्या, वायरवर दाबून बसवायच्या टॅप क्लिप वापरू नका. पुढच्या भागात पाणी आणि मीठ उडतं; अशा क्लिपमध्ये वायर आतल्या आत कुजते.

७. डिपर स्विच

हा स्विच जमिनीवर असतो, त्यामुळे ओल्या बुटांचं पाणी, बर्फावर टाकलेलं मीठ, चिखल सगळं त्याच्यावर. कार्पेट बाजूला करा, दोन बोल्ट काढा, स्विच वर घ्या. प्लग काढून जंपर वायरने निळी आणि खाकी टर्मिनल जोडा. लो बीम लागला पाहिजे. निळी आणि हिरवी जोडा, हाय बीम लागला पाहिजे. दोन्ही लागले आणि स्विच लावल्यावर लागत नसतील तर स्विच गेला. स्विच स्वस्त आहे, उघडून दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. प्लगची टर्मिनल मात्र साफ करून ग्रीस लावा आणि बोल्टच्या भोवतीचा पत्रा गंजला असेल तर त्याचीही सोय आत्ताच करा, नाहीतर पाय दाबताच स्विच खाली जाईल.

नवा स्विच बसवल्यावर पायाने वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. प्रत्येक वेळी बदल झाला पाहिजे.

८. हेडलाइट स्विच आणि त्यातला ब्रेकर

दिवे एकदम जाऊन परत येत असतील तर ब्रेकरला शिव्या देण्याआधी त्याला का उघडावं लागतंय ते शोधा. कारणं तीन.

एक, लॅम्प जास्त वॉटचे. आधीच्या मालकाने १०० वॉटचे बल्ब बसवले असतील तर हाय बीमला २०० वॉट, म्हणजे साडेपंधरा अँपिअरच्या वर. मूळ वायरिंग आणि ब्रेकर यासाठी बनवलेलेच नाहीत.

दोन, वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट होतेय. दोन्ही लॅम्पचे सॉकेट काढा आणि स्विच ओढा. तरीही ब्रेकर टिकटिकत असेल तर शॉर्ट वायरमध्ये आहे. रेडिएटरच्या चौकटीतून हार्नेस जातो तिथली धारदार कड आणि बॅटरीखालचा भाग आधी बघा. सॉकेट काढल्यावर थांबलं तर एकेक लॅम्प लावून कोणता दोषी ते काढा. एकदा लो बीमवर आणि एकदा हाय बीमवर करा.

तीन, ब्रेकर म्हातारा झालाय. करंट योग्य, शॉर्ट नाही, तरी दहा मिनिटांनी उघडतो. तेव्हाच स्विच बदला.

कोणत्याही परिस्थितीत ब्रेकर बाजूला सारून थेट जंपर लावून गाडी चालवू नका. शॉर्ट झाला तर वायर तुमच्या गुडघ्यांच्या वर, डॅशच्या आत पेटेल.

स्विच काढण्याची रीत: बॅटरीची निगेटिव्ह काढा. मूठ पूर्ण बाहेर ओढा. डॅशच्या खालून हात घालून स्विचच्या अंगावरचं छोटं स्प्रिंगचं बटण चाचपडून दाबा, दाबलेलं असतानाच मूठ दांड्यासकट बाहेर येते. जोर लावून ओढू नका, बटण नीट दाबलं गेलं की ती अलगद येते. मग पुढची गोल नट सोडवा आणि स्विच मागे ढकला. नवा स्विच घेताना टर्मिनलची रचना जुन्याशी ताडून पाहा.

९. फायरवॉलचा प्लग

बोल्ट सैल करून प्लग उघडा. हिरवट चढलेली टर्मिनल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रशने साफ करा, सैल झालेली हलक्या हाताने आवळा, ग्रीस भरून बंद करा. वितळलेली जागा दिसली तर ते एक टर्मिनल नवीन घाला. ओढताना वायर धरू नका, प्लगचं अंग धरा.

१०. रिले लावा: कायमचा इलाज

सगळं साफ करूनही येण्याच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल, किंवा तुम्हाला एच४ (बल्ब वेगळा बदलता येणारे हॅलोजन) लॅम्प लावायचे असतील, तर रिले लावा. अगदी मूळ रूपात ठेवायच्या गाडीतही रिले लावलेले बरे, कारण जुन्या स्विचवरचा भार उतरतो आणि नको वाटले तर मूळ वायर न कापता परत काढता येतात.

लागणारं सामान: दोन ३० किंवा ४० अँपिअरचे चार पायांचे रिले, त्यांचे सॉकेट, दोन फ्यूज होल्डर आणि २० अँपिअरचे फ्यूज, १२ आणि १४ गेजची वायर, दोन नवे लॅम्प सॉकेट, आणि जुन्या सॉकेटमध्ये घुसेल असा एक नर प्लग.

जोडणी अशी. दोन्ही रिलेंची ३० नंबरची पिन फ्यूजमधून पॉझिटिव्हला, १२ गेज वायरने. प्रत्येक रिलेला स्वतंत्र फ्यूज ठेवा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा बीम उरतो. फ्यूज पॉझिटिव्हच्या जागेपासून वितीच्या आत हवा. त्याच्या अलीकडच्या वायरला कसलंच संरक्षण नसतं. ८७ नंबरची पिन दिव्यांना, १४ गेज: एका रिलेची दोन्ही लो बीमला, दुसऱ्याची दोन्ही हाय बीमला. ८५ अर्थला. ८६ ला जुन्या सॉकेटमधून इशारा: खाकी वायर लो बीमच्या रिलेला, हिरवी हाय बीमच्या रिलेला. दुसऱ्या बाजूचं जुनं सॉकेट टेप गुंडाळून बांधून ठेवा. डॅशवरचा हाय बीम इंडिकेटर हिरव्या वायरवरच असल्यामुळे तो पूर्वीसारखाच चालतो.

आता स्विच आणि डिपरमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अर्ध्या अँपिअरहूनही कमी.

गाडीत अँपिअर मीटर असलेला गेज पॅनेल असेल तर रिलेचं पॉझिटिव्ह थेट बॅटरीच्या खांबावरून घेऊ नका, मीटरच्या ऑल्टरनेटरकडच्या बाजूच्या जंक्शनवरून घ्या. नाहीतर इंजिन चालू असताना दिव्यांचा सगळा करंट मीटरला बॅटरी चार्ज होतेय असा दिसेल आणि काटा कायम चार्जच्या बाजूला राहील.

रिले पिना खाली करून बसवा म्हणजे पाणी साचणार नाही. मग चौथ्या पायरीतल्या तिन्ही मोजण्या पुन्हा घ्या. दोन्ही बाजू मिळून ०.३ ते ०.४ व्होल्टच्या आत यायला हव्यात.

फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. तो का उडाला ते शोधा.

११. एच४ लॅम्प घेताना, विशेषतः भारतातून आणताना

७ इंची एच४ चे रिफ्लेक्टर भारतात मुबलक आणि स्वस्त मिळतात, आणि सुट्टीवरून येताना सामानात घालून आणण्याचा मोह होतो. आणू नका. भारतात वाहनं डावीकडून चालतात, म्हणून तिथल्या लो बीमचा उजेड डाव्या कडेला वर उचललेला असतो. तीच काच अमेरिकेत लावली की उचललेला भाग समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो, आणि स्क्रू फिरवून हे दुरुस्त होत नाही. अमेरिकेत काचेवर डॉट (DOT, तिथलं परिवहन खातं) अशी मोहोर असलेलेच लॅम्प घ्या. ९०/१०० वॉटचे बल्बही त्याच कारणाने आणि वायरिंगच्या कारणाने नकोत. ६०/५५ वॉटचा बल्ब पूर्ण व्होल्टेजवर भरपूर उजेड देतो.

एच४ चा लो बीम ५५ वॉट घेतो, एच६०२४ चा ३५. म्हणजे लो बीमचा करंट साडेपाच अँपिअरवरून साडेआठवर जातो, आणि लो बीम तर तासन्‌तास चालतो. रिले न लावता एच४ लावले की जुनी सॉकेट भाजतात ती यामुळेच.

एलईडीचे लॅम्प कमी करंट घेतात आणि पडलेल्या व्होल्टेजवरही प्रखर दिसतात. त्यामुळे दोष गेला असं वाटतं, पण गंजलेली अर्थ तशीच राहते. आधी वायरिंग नीट करा, मग हवं ते लावा.

१२. शेवटी दिशा लावा

उजेड वाढला की चुकीची दिशा समोरच्याला जास्त त्रास देते, म्हणून हे टाळू नका. टायरमध्ये योग्य हवा भरा, टाकी अर्धी ठेवा, सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर टेपने आडवी रेघ ओढा, आणि प्रत्येक दिव्याच्या समोर उभी रेघ. एक दिवा झाकून दुसऱ्यावर काम करा. वरच्या स्क्रूने दिवा वर-खाली होतो, बाजूच्याने डावी-उजवीकडे. लो बीमच्या प्रखर भागाची वरची कड आडव्या रेघेच्या एक-दोन इंच खाली यायला हवी, रेघेच्या वर मुळीच नको, आणि प्रखर भाग उभ्या रेघेच्या किंचित उजवीकडे. पिकअपच्या मागच्या हौद्यात नेहमी वजन असणार असेल तर तेवढं वजन टाकूनच दिशा लावा. मागचं टोक बसलं की पुढचे दिवे वर बघू लागतात.

पहिल्या आठवड्यानंतर एकदा अर्धा तास हाय बीम लावून गाडी चालवा, थांबून रिले, फ्यूज होल्डर आणि दोन्ही सॉकेट हाताने चाचपून पाहा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्याच सांध्यावर पुन्हा मीटर लावा.